दापोडीची बाग आणि सेंट हेलेनाच्या शेळ्या

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यानें मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडला, कीं दापोडी लागते. आज दापोडी म्हटली कीं एस्. टी.चें मध्यवर्ती वर्कशॉप, लोकल गाडीचें स्टेशन आणि तेथून पिंपरी, चिंचवड, भोसरी करीत थेट चाकणपर्यंत पसरत गेलेले कारखाने, एवढेंच डोळ्यांपुढें येतें. परंतु पावणेदोनशें वर्षांपूर्वीं याच गांवीं, मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळ, मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पति-बाग होती. आणि या बागेच्या व्यवस्थापकाकडेच पुढें साऱ्या इलाख्यांतील जंगलांची राखण सोंपविण्यांत आली. आपल्याकडील जंगल खात्याचा उगम जेथें शोधावा लागतो, अशा थोड्या ठिकाणांपैकीं दापोडी हें एक आहे.

आजच्या भाषणांत या बागेची हकीकत मी सांगणार आहें. पण ती एका प्रश्नासाठीं. उजाड झालेल्या जमिनीवर तिचें मूळचें रान परत आणावयाचें, तर त्या जमिनीवर चरणाऱ्या जनावरांचें काय करावयाचें? हा प्रश्न प्रथम दूरच्या एका बेटावर उभा राहिला. तेथून तो कंपनी सरकारच्या दप्तरांतून आपल्या देशांत आला, आणि भंडारा, भामचंद्र, घोरावडेश्वर या आपल्या परिचयाच्या डोंगरांवर तो अद्यापि सुटावयाचा आहे.

प्रथम दापोडीकडे वळूं. दुसऱ्या बाजीरावाच्या कवायती पलटणीचा तळ येथें होता, आणि कॅप्टन फोर्ड हा तिचा अधिकारी होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई जुंपली, तेव्हां ही पलटण दापोडीहून निघून इंग्रजांस जाऊन मिळाली. फोर्डानें बांधलेला बंगला पुढें सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतांना सरकारकडे आला, आणि १८२८ सालीं त्याच्या आवारांत वनस्पति-बाग सुरू झाली. परदेशचीं झाडें या हवेंत रुजतात कीं काय हें पाहावें, उपयोगी रोपें वाटावींत, औषधी वनस्पतींची लागवड करावी, हे तिचे हेतु होते.

१८३८ सालीं डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटिश वैद्य या बागेचे व्यवस्थापक झाले. त्यापूर्वीं ते दख्खन व खानदेश या प्रांतांत देवी काढण्याच्या खात्यावर होते. त्या निमित्तानें ते गांवोगांव हिंडले होते, आणि हिंदुस्थानी, मराठी व गुजराती या तिन्ही भाषा त्यांनीं आत्मसात केल्या होत्या. जुन्नराकडे हिवरें या गांवीं औषधी वनस्पतींची दुसरी बाग त्यांच्याच देखरेखीखालीं होती. दापोडीच्या बागेंतील झाडांचीं सुमारें १७० रंगीत चित्रें १८४७ ते १८५० या काळांत एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकारानें काढलीं. तीं आज एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत जपून ठेवलेलीं आहेत. चित्रकाराचें नांव मात्र कोणीं नोंदून ठेवलें नाहीं.

१८४७ सालीं गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले जंगल-संरक्षक झाले आणि १८६० सालीं निवृत्त होईपर्यंत त्यांनीं तें काम पाहिलें. कोंकणांतील डोंगर उघडे पडले कीं तेथील झरे आटतात, ही गोष्ट त्यांनीं सरकारच्या नजरेस आणून दिली. जंगल राखावयाचें तें केवळ जहाजांस सागवान पाहिजे म्हणून नव्हे, तर पाणी टिकावें म्हणूनही, हा विचार आज आपणांस सहज वाटतो; त्या काळीं तो नवा होता. दापोडीची बाग १८६० नंतरच्या दशकांत बंद झाली आणि तिचें कार्य पुढें गणेशखिंडींत गेलें. परंतु हा विचार मागें राहिला.

हा विचार आला कोठून? रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकारांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें आहे, कीं जंगल राखण्याची ही कळकळ युरोपांत जन्मली नाहीं. ती सेंट हेलेना आणि मॉरिशस यांसारख्या लहान बेटांवर जन्मली. मोठ्या देशांत एक डोंगर उजाड झाला तर माणूस दुसऱ्या डोंगराकडे जातो. बेटावर दुसरा डोंगर नसतो. म्हणून तेथें नाशाचें कारण आणि परिणाम हीं दोन्ही एका माणसाच्या आयुष्यांत दिसून येतात.

सेंट हेलेना हें बेट अटलांटिक महासागरांत, सर्व किनाऱ्यांपासून फार दूर आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १२२ चौरस किलोमीटर, म्हणजे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीहूनही लहान. नेपोलियनास १८१५ सालीं जेथें नेऊन ठेविलें तेंच हें बेट. १५०२ सालीं पोर्तुगीजांना तें सांपडलें, तेव्हां त्यावर मनुष्यवस्ती नव्हती आणि एकही चतुष्पाद पशु नव्हता. मात्र रान दाट होतें.

या बेटाच्या पहिल्या रहिवाश्याचा संबंध आपल्या गोव्याशीं आहे. फर्नांव लोपेस नांवाचा एक पोर्तुगीज शिपाई गोव्यांत आपल्या लोकांना सोडून आदिलशाही सरदार रसूलखान याला जाऊन मिळाला. १५१२ सालीं बाणस्तारीचा किल्ला पडल्यावर तो आल्बुकर्काच्या हातीं लागला. त्याला जिवानिशीं सोडलें; परंतु नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा आंगठा कापून सोडलें. पुढें पोर्तुगालास परत जात असतां तो सेंट हेलेनावर उतरून राहिला, आणि तीस वर्षांच्या आसपास त्यानें तेथेंच काढलीं. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांनीं त्याला बियाणें, कोंबड्या आणि शेळ्या दिल्या. बेटावर शेळ्यांचा वंश वाढूं लागला तो याच सुमारास.

शेळीला तेथें वैरी नव्हता. वाघ नाहीं, लांडगा नाहीं, धनगर नाहीं, खाटीक नाहीं. १५८८ सालीं थॉमस कॅव्हेंडिश हा इंग्रज दर्यावर्दी तेथें गेला, तेव्हां त्याला हजारोंनीं शेळ्या दिसल्या. १६५९ सालीं बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आलें. सुरत-मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून विलायतेस परत जाणारीं जहाजें येथें थांबत, पाणी भरून घेत आणि ताजें मांस घेत. रानांतील लांकूड चुलींत व भट्टींत जात होतें हें खरें. परंतु तेवढ्यानें रान संपलें नसतें.

शेळीनें काय केलें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. शेळीनें मोठें झाड मारलें नाहीं. तिनें रोप मारलें. झाडाचें आयुष्य दोनशें वर्षें धरलें, तर आपल्या जागीं एक वारस ठेवून जाण्यास त्याला दोनशें वर्षांची सवड असते. पण त्या सर्व काळांत दरसाल उगवणारें प्रत्येक रोप शेळीच्या तोंडीं गेलें, तर वरून हिरवेंगार दिसणारें रान आंतून निपुत्रिक झालेलें असतें. पाहणाऱ्याला त्यांत कांहींच उणें दिसत नाहीं. मग एक दिवस म्हातारीं झाडें एकामागून एक पडूं लागतात, आणि त्यांच्या जागीं उभें राहणारें कोणी नसतें. चार्ल्स डार्विन १८३६ सालीं या बेटावर उतरले होते. १८०८ ते १८१३ या काळांत तेथें गव्हर्नर असलेल्या अलेक्झांडर बीटसन यांच्या ग्रंथाच्या आधारें त्यांनीं लिहून ठेविलें आहे, कीं बेटावरील 'ग्रेट वुड' नांवाच्या रानांत १७१६ सालापर्यंत पुष्कळ झाडें होतीं. १७२४ सालीं त्यांतील बहुतेक म्हातारीं झाडें पडून गेलीं होतीं, आणि शेळ्या-डुकरें मोकाट असल्यामुळें तरुण झाड एकही राहिलें नव्हतें. आठ वर्षांत रान नाहींसें झालें असें लोकांना वाटलें. वस्तुतः तें दोनशें वर्षें नाहींसें होतच होतें.

१७३१ सालीं मोकाट जनावरें मारून टाकण्याचा हुकूम निघाला. परंतु व्यापारी सरकारचा निश्चय तो किती टिकणार! १७४५ सालीं बेटावरील गव्हर्नरानें लंडनला लिहिलें, कीं शेळ्या आबनुसाचीं झाडें खाऊन टाकीत आहेत, तरी त्यांना मारण्याची परवानगी असावी. कंपनीच्या संचालकांचें उत्तर आलें तें असें, कीं शेळ्या मारूं नयेत. आबनुसापेक्षां शेळ्या अधिक उपयोगी आहेत.

श्रोतेहो, या उत्तराला हंसूं नये. महिनोन् महिने खारवलेल्या मांसावर राहून आजारी पडलेल्या खलाश्याला ताज्या मांसाची किंमत आबनुसाहून अधिक होतीच. शेळीचा उपयोग आज दिसतो आणि रानाचा नातवाला दिसतो. हा हिशेब वेडा नव्हता, अपुरा होता. आणि शेळी ठेवणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब असाच असतो, मग तो लंडनचा संचालक असो कीं खेड तालुक्यांतील विधवा असो. फरक एवढाच, कीं संचालकाजवळ दुसरा मार्ग होता. विधवेजवळ तो बहुधा नसतो.

हा फरक विसरल्यामुळेंच पुढें आपल्याकडे अनर्थ झाला. बेटावर शिकलेला धडा असा होता, कीं रान वांचवावयाचें तर चराई थांबविली पाहिजे. हा धडा खोटा नव्हे. परंतु सेंट हेलेनावर शेळी ही परकी होती, आणि तिच्या मागें फार तर दोन शतकांची वहिवाट होती. आपल्या दख्खनच्या पठाराची गोष्ट निराळी. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून उत्खनन केलें, तेव्हां तीन हजार वर्षांहून जुन्या वसाहतींत गाईगुरांच्या हाडांबरोबर शेळ्या-मेंढ्यांचींही हाडें मिळालीं. जें जनावर तीन हजार वर्षें येथें आहे त्याला उपरें म्हणावें कसें? आणि त्याच्या मागें येथें धनगर आहे, गुराखी आहे, त्यांची वहिवाट आहे, आणि खंडोबाच्या भंडाऱ्यापासून शेताच्या खतापर्यंत पोहोंचलेली एक सबंध जीवनपद्धति आहे.

१८७८ च्या जंगल कायद्यानें डोंगरच्या डोंगर राखीव झाले. चराईस फी बसली, आणि हद्दीच्या आंत शिरलेलें जनावर कोंडवाड्याची धनी झालें. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत या खात्यावर कोरडे ओढले आहेत. डोंगर, दऱ्या आणि गायरानें जंगल खात्यांत गेलीं, आणि दोनचार शेळ्यांवर निर्वाह करणाऱ्या गरिबाला जागा उरली नाहीं, ही त्यांची तक्रार होती. जोतीराव कांहीं रानाचे शत्रू नव्हते. डोंगरावरची माती शेतांत यावी, पाणी अडावें, यासंबंधीं त्यांनीं त्याच ग्रंथांत सूचना केल्या आहेत. ज्यांचें पोट त्या डोंगरावर आहे त्यांना विचारल्यावांचून राखण करण्यास त्यांचा विरोध होता.

पुढें १९३० सालीं जंगल सत्याग्रह झाला. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव जंगलांतील गवत कापून कायदा मोडला. गुजरातेंत मीठ उचललें, आमच्याकडे गवत कापलें. कारण आमच्या खेड्यांचें दुखणें गवतांत होतें. त्याच वर्षीं २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेर येथें सत्याग्रह्यांवर गोळीबार झाला. कुंपणाविषयींचा राग इतका खोल गेला होता, कीं 'राखीव' या शब्दांतून रान राखण्याचा अर्थच नाहींसा झाला आणि मज्जाव एवढाच अर्थ उरला. जेथें रखवालदाराची पाठ वळली तेथें गुरें आंत गेलीं. रान वांचावें म्हणून केलेल्या कायद्यानें, रान आपलें नव्हे अशी भावना गांवांत उत्पन्न केली.

आतां पुन्हां बेटांकडे वळूं. कारण विसाव्या शतकांत तेथें दुसरें प्रकरण सुरू झालें. सेंट हेलेनाचा आबनूस, जो वस्तुतः भेंडी-जास्वंदीच्या कुळांतील आहे, नष्टच झाला असें सर्व समजत होते. १९८० सालीं एका कड्यावर, जेथें शेळीचाही पाय पोहोंचत नाहीं अशा जागीं, त्याचीं दोन झुडपें सांपडलीं. त्यांच्या फांद्यांपासून रोपें करून तो वंश पुन्हां वाढविण्यांत आला. तेथील जंगली ऑलिव्हचें दैव मात्र फिरलें नाहीं. २००३ सालीं त्याचें शेवटचें रोपही गेलें. २००० सालापासून, जेथें पूर्वीं ग्रेट वुड होतें त्या भागांत, बेटावरचे लोक 'गमवुड' या आपल्या मूळच्या झाडाची लागवड करीत आले आहेत.

दुसरें उदाहरण मॉरिशसचें. तेथें एकोणिसाव्या शतकापासून मराठी भाषक कुटुंबें नांदत आहेत. मॉरिशसच्या उत्तरेस राउंड आयलंड नांवाचें अवघ्या दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरांचें बेट आहे. त्यावर एकोणिसाव्या शतकांत शेळ्या आणि ससे सोडले गेले, आणि ताडामाडांचें रान जाऊन माती समुद्रांत वाहूं लागली. १९७९ पर्यंत शेळ्या काढल्या आणि १९८६ सालीं ससेही संपविले. त्यानंतर दुर्मिळ ताडांचीं रोपें आपोआप उभीं राहूं लागलीं. उशीर झाला तो एवढाच, कीं तेथील एका जातीचा साप १९७५ नंतर कोणाच्याही दृष्टीस पडला नाहीं.

पण या कथेचा शेवट अधिक बोधप्रद आहे. शेळ्या गेल्यावर बाहेरून आलेलें तण माजूं लागलें. या बेटांवर पूर्वीं मोठीं कांसवें चरत असत. तीं माणसानें केव्हांच खाऊन संपविलीं होतीं. म्हणून २००७ पासून त्यांच्या जागीं दुसऱ्या बेटावरचीं मोठीं कांसवें राउंड आयलंडवर मुद्दाम आणून सोडण्यांत आलीं. ज्यांनीं एक चरणारें जनावर काढलें, त्यांनींच दुसरें चरणारें जनावर आणलें! म्हणजे दोष चरण्याचा नव्हता. कोणीं चरावें, किती चरावें आणि केव्हां थांबावें, याला धरबंध नव्हता, हा दोष होता.

हें ध्यानांत ठेवून आपण आपल्या डोंगरांकडे पाहूं. आपल्याकडे पहिला घोटाळा 'मूळचें' या शब्दाचा होतो. पश्चिमेस भीमाशंकर आणि मावळचा घाटमाथा येथें पाऊस दांडगा. तेथें जांभूळ, अंजनी, हिरडा, गेळा, करवंद यांचें सदाहरित रान हेंच मूळचें. पण तेथून पूर्वेस चाकण, शिरूरकडे येऊं लागलें, कीं पाऊस झपाट्यानें कमी होतो. तेथें मूळचें म्हणजे मोकळें माळरान. त्यांत गवत, हिवर, बोर, खैर आणि तरवड. जुन्या मराठी चरित्रांतून आणि ओव्यांतून जीं झाडें येतात त्यांचा अभ्यास करून २०२५ सालीं संशोधकांनीं दाखविलें आहे, कीं हीं माळरानें शेंकडों वर्षांचीं आहेत. तीं कोणाच्या कुऱ्हाडीनें ओसाड झालेलीं जंगलें नव्हेत. गिब्सनांच्या बागेच्या गांवाचें नांवच हिवरें, आणि हिवर हें माळरानांतलें झाड! अशा माळावर दाट झाडी लावणें म्हणजे मूळचें रान परत आणणें नव्हे. आणि मध्य अमेरिकेंतून आलेलें गिरिपुष्प पुण्याच्या टेकड्यांवर लावलें गेलें तेव्हां टेकड्या हिरव्या झाल्या. परंतु त्या हिरवाईला जांभूळ-अंजनीचें रान कोणी म्हणणार नाहीं.

मूळचें रान कसें होतें हें पाहावयाचें असेल, तर आपल्याकडेही बेटें आहेत. उघड्या डोंगरांच्या मध्यें उभ्या असलेल्या देवराया हींच तीं बेटें. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या पुण्याच्या संस्थेंतील डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पश्चिम घाटांतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचें महत्त्व शास्त्रज्ञांच्या पुढें मांडलें. मावळांतील आजिवलीसारख्या देवराईंत भेरली माड उभे आहेत. भीमाशंकरचें अभयारण्य १९८५ सालीं झालें; त्याचें क्षेत्र सुमारें १३० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सेंट हेलेनाएवढेंच. पण देवराईची एक बाजू क्वचित् सांगितली जाते. देवाच्या भीतीनें कुऱ्हाड बंद झाली, तरी पुष्कळ ठिकाणीं गुरांना मज्जाव नव्हता. अशा देवराईंत वर पाहिलें तर शेंदोनशें वर्षांचे वृक्ष दिसतात. खालीं पाहिलें तर रोप नाहीं. १७१६ सालच्या ग्रेट वुडची आठवण होण्यासारखीच ही स्थिति आहे. देवराई जिवंत आहे कीं नाहीं हें तिच्या सर्वांत मोठ्या झाडावरून ठरवूं नये. तिच्या सर्वांत लहान झाडावरून ठरवावें.

मग उपाय काय? बेटावर बंदूक चालली. येथें ती चालणार नाहीं, आणि चालवूंही नये. येथें एकच मार्ग यशस्वी झालेला दिसतो, आणि तो गांवाच्या संमतीचा. नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवीं १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर ग्रामसभेनें कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही पाळली. जनावर डोंगरावर जावयाचें नाहीं. माणसानें जाऊन गवत कापून आणावयाचें. या एका नियमांत सगळें मर्म आहे. विळा गवत कापतो आणि रोप वगळतो. शेळीला हा विवेक नसतो. चारा बंद झाला नाहीं, उलट वाढला; बंद झालें तें फक्त रोपाचें मरण. १९३० सालीं जें गवत कापणें गुन्हा होता, तेंच गवत कापणें येथें रान राखण्याचें साधन झालें. कायद्यानें जें कोंडवाड्याच्या बळावर साधलें नाहीं, तें गांवानें आपलें आपण ठरवून साधलें.

मात्र या चित्रांतही एक माणूस कोपऱ्यांत उभा आहे. ज्याच्यापाशीं जमीन नाहीं, गोठा नाहीं, त्याची शेळी खुंट्याला बांधून कोण पोसणार? पावसाळा संपतांच मेंढ्या घेऊन कोंकणाकडे उतरणाऱ्या धनगराला चराईबंदीच्या गांवांतून वाट कोण देणार? पूर्वीं शेतकरी त्याच्या मेंढ्या मानानें शेतांत बसवून घेत आणि खताबद्दल धान्य देत. २००६ च्या वनहक्क कायद्यानें भटक्या पशुपालकांचाही चराईचा हक्क मान्य केला आहे. म्हणून बंदी ही कायमची भिंत नसावी. तो पाळीपाळीनें दिलेला विसावा असावा. डोंगराचा एक भाग रोपें शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत बंद ठेवावा, तोंवर दुसरा उघडा ठेवावा, आणि ज्याची शेळी थांबविली त्याच्या चाऱ्याची सोय आधीं करावी.

श्रोतेहो, हें सारें शहरांत राहणाऱ्या आपणांस कशासाठीं सांगावयाचें? कारण आज खर्च करण्याची शक्ति शहरापाशीं आहे. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ नंतर औद्योगिक महामंडळाच्या वसाहती वाढल्या, चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या मधून वर आलेले भंडारा आणि भामचंद्र हे डोंगर, तुकोबारायांच्या एकांताशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे, ते आतां खरोखरच बेटांसारखे झाले आहेत. दर पावसाळ्यांत शहरांतील मंडळी उत्साहानें रोपें घेऊन अशा डोंगरांवर जातात. हा उत्साह स्तुत्य आहे. परंतु रोप लावण्याचें काम एका सकाळचें आहे आणि तें जगविण्याचें काम दहा वर्षांचें. आणि त्या दहा वर्षांत त्या डोंगरावर आपण नसतों, शेळीवाला असतो.

तेव्हां जाण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. या जागीं मूळचें काय होतें, रान कीं माळ? लावलेलें रोप कोणाच्या चाऱ्याच्या वाटेंत येतें? आणि त्या माणसाशीं आपण बोललों आहों काय? दापोडीच्या बागेपासून आजवर पहिला प्रश्न थोडाफार विचारला गेला, दुसरा कायद्याच्या पुस्तकांत राहिला, आणि तिसरा बहुधा विचारलाच गेला नाहीं. कुंपणाच्या तारेवर जेवढा पैसा खर्च होतो, त्यांतील कांहीं वांटा जरी पायथ्याच्या गांवांतील वैरणीकडे गेला, तरी रोपाला शेळीपासून आणि शेळीवाल्याला कोंडवाड्यापासून अभय मिळेल. सेंट हेलेनाच्या लोकांना आपलें रान शोधण्यासाठीं कड्यावरच्या दोन झुडपांपर्यंत जावें लागलें. आपल्याकडे देवराया अद्यापि उभ्या आहेत, त्यांतील झाडांना अद्यापि फळें धरतात, आणि त्या फळांचें बी दरसाल जमिनीवर पडतें. त्याला हवी आहे ती कांहीं वर्षांची सवड. ती देणें आपल्या हातीं आहे, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.